वाचकांचे प्रश्न : शोपँच्या ई मायनर प्रील्यूडची लय, पट्टी आणि भाव

पोलिश पियानोवादक-संगीतकार फ्रेडरिक शोपँ याच्या ओपस २८ (ओपस म्हणजे रचनेचा प्रकाशन-क्रमांक) या संग्रहातील चौथ्या प्रील्यूडविषयी, म्हणजे पियानोच्या एका छोट्या स्वतंत्र रचनेविषयी, आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. ही रचना अवघ्या २५ बारांची (बार म्हणजे स्वरलिपीतला मात्रांचा एक ठरावीक गट) आहे आणि छापील प्रतीत ती एका पानात मावते. पियानोच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यालाही तिचे सूर वाचता येतात, आणि म्हणूनच ती फार जणांच्या हातून फार लवकर वाजवली जाते. आलेल्या प्रश्नांत तीच ती अडचण निरनिराळ्या वाटांनी पुढे येते, त्यामुळे पहिल्या उत्तरातील काही मुद्दे पुढच्या उत्तरांनाही लागू आहेत.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात पियानो शिकते. या प्रील्यूडवर ‘लार्गो’, म्हणजे अतिशय संथ, असे लिहिलेले असल्यामुळे ती मेट्रोनोम (मिनिटाला ठरावीक ठोके देणारे यंत्र) ४० वर लावून सराव करते, पण त्या लयीत उजव्या हाताची सुरावट तुटक वाटते. ध्वनिमुद्रिकांमध्ये प्रत्येक वादकाची लय वेगळी ऐकू येते. मग योग्य लय कोणती समजावी?

उत्तर : शोपँने आपल्या एट्यूडांना (तंत्राच्या सरावासाठीच्या रचनांना) आणि सुरुवातीच्या काही नॉक्टर्नना (संथ, गेय रचनांना) मेट्रोनोमचे आकडे दिले होते, ओपस २८ मधील एकाही प्रील्यूडला मात्र त्याने आकडा दिलेला नाही. त्यामुळे ४० हा आकडा त्याचा नव्हे. मेट्रोनोमच्या पट्टीवर लार्गोचा टप्पा साधारण ४० पासून ६० पर्यंत छापलेला असतो आणि आपल्या मुलीने त्याचे खालचे टोक धरलेले दिसते. रचनेच्या पानावर लयीविषयी दोन खुणा आहेत. एक ‘लार्गो’ हा शब्द आणि दुसरी तालखूण, म्हणजे उभ्या रेषेने छेदलेला इंग्रजी सी. बहुतेक विद्यार्थी पहिली खूण वाचतात आणि दुसरीकडे त्यांचे लक्षच जात नाही. या छेदलेल्या सीचा अर्थ असा की, बारात चार मात्रा न मोजता दोनच मोजायच्या आहेत. डाव्या हाताला प्रत्येक बारात आठ कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजवायचे सुरांचे गट, आहेत; त्या दोन-दोनच्या चार गटांत ऐकू आल्या तर पाऊल जड होते, आणि चार-चारच्या दोन गटांत ऐकू आल्या तर तेच सूर पुढे वाहू लागतात. लार्गोचा संथपणा त्या दोन मोठ्या मात्रांना लागू आहे. आठ छोट्या ठोक्यांपैकी प्रत्येकाला तो लावला की रचना जागच्या जागी थांबते.

सुरावट तुटक वाटण्याचे कारण पियानोच्या घडणीत आहे. हातोडी तारेवर पडताच सूर जन्मतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो. गळ्याला, सारंगीला किंवा बासरीला तो मध्ये वाढवता येतो, पियानोला ते शक्य नाही. इथे उजव्या हाताला पहिल्या चार बारांत बी हा सूर प्रत्येक वेळी तीन चतुर्थांश मात्रांइतका, म्हणजे बाराचे चार भाग केले तर त्यातल्या तीन भागांइतका, धरायचा आहे आणि नंतर शेजारच्या सुराला हात लावायचा आहे. मेट्रोनोमच्या ४० या आकड्यावर हा धरलेला सूर साडेचार सेकंद टिकला पाहिजे. तेवढ्या वेळात त्याचा आवाज इतका खाली येतो की पुढचा सूर त्यातून न उमलता वेगळाच सुरू झाल्यासारखा वाटतो. शोपँच्या काळातील पियानोंचा नाद आजच्या मैफलीच्या पियानोपेक्षा लवकर विरत असे, हेही लक्षात घ्यावे. म्हणजे फार संथ वाजवण्याची मुभा त्याला आपल्यापेक्षा कमीच होती.

हिशोब करून पाहायचा असेल तर तो सोपा आहे. २५ बार आणि प्रत्येकी चार चतुर्थांश मात्रा धरल्या तर साऱ्या रचनेत सुमारे १०० चतुर्थांश मात्रा होतात. ६० च्या लयीत त्यांना १०० सेकंद लागतात आणि शेवटचा विराम व लयीची नैसर्गिक ओढाताण धरून रचना दोन मिनिटांच्या आत संपते. ४० च्या लयीत तिला अडीच मिनिटांहून अधिक वेळ लागतो. माझ्या मते विद्यार्थ्याने ५४ ते ६३ यांच्या दरम्यान राहावे. मोठे वादक याहून संथ वाजवतात हे खरे, पण त्यांच्या बोटांना प्रत्येक सुराचे वजन आधीच्या विरत जाणाऱ्या सुराशी जुळवून टाकण्याची सवय झालेली असते. ते कसब यायच्या आधी त्यांच्या लयीचे अनुकरण करण्यात काही लाभ नाही.

आणखी एक गोष्ट. शोपँच्या शिष्यांनी त्याची एक शिकवण नोंदवून ठेवली आहे : डावा हात हा वाद्यवृंदाच्या संचालकासारखा आहे, त्याने डगमगू नये, उजव्या हाताने हवी तेवढी मोकळीक घ्यावी. या प्रील्यूडला ती शिकवण जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. लय खुद्द बदलावी असे शोपँने एकाच ठिकाणी लिहिले आहे. सोळाव्या बारापासून ‘स्ट्रेत्तो’ ही सूचना आहे, म्हणजे लय आवळत न्यायची, आणि सतराव्या बारात रचनेतला एकमेव ‘फोर्ते’, म्हणजे जोरदार आवाजाची खूण, आहे. तिथे पोहोचण्यापूर्वीच आपण हवे तिथे थांबलो आणि हवे तिथे पळालो असू, तर त्या आवळण्याला काही अर्थच उरत नाही. म्हणून पहिले पंधरा बार समलयीत ठेवण्याचा आग्रह मुलीकडे जरूर धरावा.

प्रश्न : मी हार्मोनियम वाजवतो आणि हिंदुस्थानी संगीत ऐकत आलो आहे. ई मायनर म्हणजे आपली पांढरी तीनची पट्टी आणि आसावरी थाटाचे सूर, असे समजले तर चालेल का? या रचनेतील उदासपणा त्या कोमल सुरांमुळेच आहे ना? आणि ती दुसऱ्या पट्टीत वाजवली तर काय बिघडेल?

उत्तर : सुरुवातीला असे समजण्याने मदतच होईल. पांढरी तीन षड्ज धरली तर ई मायनरच्या मूळ सप्तकात गंधार, धैवत आणि निषाद कोमल येतात, म्हणजे ते आसावरी थाटाशी जुळते. आणि षड्जाकडे परतताना शुद्ध निषाद घेतला जातो तेव्हा किरवाणीच्या सुरांची आठवण होते. आता उजवा हात त्या दृष्टीने वाचून पाहावा. पंचमापासून वरच्या पंचमावर एक झेप, आणि मग चार बार पंचम, कोमल धैवत, पंचम, कोमल धैवत एवढेच. चौथ्या बाराच्या शेवटी पंचमाखालचा तीव्र मध्यम क्षणभर लागतो आणि सुरावट शुद्ध मध्यमावर येते. पुढचे चार बार मध्यमाच्या आसपास जातात, आणि त्यानंतर बाराव्या बारापर्यंत ती रिषभावर उतरून तिथेच राहते. म्हणजे बारा बारांत गायक पंचमावरून मध्यमावर आणि तिथून रिषभावर आला, षड्जावर मात्र आला नाही. कोमल धैवतावरून पंचमावर येण्यातली आर्तता आपल्या कानांना समजावून सांगावी लागत नाही, त्यामुळे हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला या रचनेत शिरायला ही वाट फार जवळची आहे.

पण ती तिथपर्यंतच नेते. डावा हात ऐकू लागलो की रागाची चौकट सुटते, कारण शुद्ध आणि कोमल निषाद, शुद्ध आणि कोमल रिषभ, दोन्ही गंधार असे सगळे सूर त्या हातात एकापाठोपाठ एक येतात. पहिल्या बारात जी, बी आणि ई या तीन सुरांची कॉर्ड आहे. ई मायनरचीच, पण तळाशी षड्ज नसून गंधार आहे, त्यामुळे ती सुरुवातीपासूनच पक्क्या जमिनीवर उभी नाही. त्यानंतर तीन सुरांपैकी एखादा सूर अर्ध्या सुराने खाली सरकतो आणि बाकीचे जागेवर राहतात. मग दुसरा सरकतो, मग तिसरा. सगळे एकाच वेळी खाली आले असते तर एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर गेलो असे कानाला कळले असते. इथे प्रत्येक वेळी जुन्यातले काही उरते आणि नवे काही आलेले असते, म्हणून आपण नेमके कुठे आहोत हे कानाला सांगता येत नाही. कितीतरी कॉर्डना शास्त्रात धड नावही देता येत नाही. त्या वाटेवरच्या आहेत, मुक्कामाच्या नाहीत. तळाचा सूर जी, एफ शार्प, एफ, ई असा पायरी पायरीने उतरत शेवटी बीपर्यंत जातो. उजव्या हाताचा बी तोच असतो, पण त्याच्या खालची कॉर्ड बदलत असल्यामुळे दर वेळी तो निराळा ऐकू येतो. या रचनेतील उदासपणा माझ्या मते इथे आहे.

तो केवळ मायनर पट्टीतून आलेला नाही, याला शोपँच्याच इतर रचना साक्ष आहेत. ओपस २५ मधील पाचवे एट्यूड ई मायनरमध्येच आहे आणि त्याची चाल ‘व्हिवाचे’, म्हणजे चपळ, जवळजवळ खोडकर आहे. त्याचा पहिला पियानो कॉन्चेर्तो (पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना), ओपस ११, हाही ई मायनरमध्ये आहे आणि त्याचा आरंभ भारदस्त आहे. उलट ओपस १० मधील तिसरे एट्यूड ई मेजरमध्ये, म्हणजे बिलावल थाटाच्या सुरांत आहे, आणि ते ऐकताना मन हुरहुरते. लयीच्या शब्दाचेही तसेच. याच संग्रहात नववे आणि विसावे प्रील्यूडही ‘लार्गो’ आहे. नववे उदात्त आणि भरघोस नादाचे, विसावे ‘फोर्तिस्सिमो’ने, म्हणजे फार मोठ्या आवाजात, सुरू होणाऱ्या जड कॉर्डचे. तिन्हींवर शब्द एक, भाव तीन.

युरोपात पट्टी आणि भाव यांची सांगड घालणारे लेखन झाले नाही असे नव्हे. क्रिस्टियान शुबार्ट या जर्मन कवी-संगीतकाराच्या १८०६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ई मायनरला निरागस प्रेमनिवेदनाची आणि कुरकुर नसलेल्या विलापाची पट्टी म्हटले आहे. यातील दुसरा भाग या प्रील्यूडला शोभतो, पहिला शोभत नाही. असल्या याद्यांवर विसंबू नये असेच मला वाटते. ई मायनर ही पट्टी इथे येण्यामागे एक साधे कारणही आहे. शोपँने २४ पट्ट्यांसाठी २४ प्रील्यूड लिहिली आणि त्यांचा क्रम पंचमाच्या चक्राने, म्हणजे दर वेळी आधीच्या पट्टीच्या पंचमावर जात, लावला : सी मेजर, तिची जोडीदार ए मायनर, मग जी मेजर आणि तिची जोडीदार ई मायनर. बाखने आपल्या अशाच संग्रहात अर्ध्या अर्ध्या सुराने वर जाण्याचा क्रम ठेवला होता, आणि तो संग्रह शोपँने स्पेनच्या माजोर्का बेटावरच्या प्रवासात बरोबर नेला होता. शोपँच्या क्रमात चौथ्या जागी ई मायनरच येणार होते.

पट्टी बदलण्याविषयी : सुरांची परस्पर अंतरे तीच राहत असल्यामुळे रचना ओळखता येईल, पण नादाचा पोत बदलेल. डाव्या हाताच्या कॉर्ड पियानोच्या मधल्या भागाच्या किंचित खाली आहेत. तिथे तीन सूर एकमेकांच्या जवळ असूनही स्पष्ट ऐकू येतात आणि तरीही काळसर राहतात. त्या चार सुरांनी खाली नेल्या तर गिचमिड होईल, वर नेल्या तर आवाज पातळ होईल. हार्मोनियमवर स्वतःच्या आनंदासाठी काळी एकमध्ये वाजवायला कोणाचीच हरकत नसावी, मात्र मूळ कशासाठी तसे आहे ते माहीत असावे.

प्रश्न : मी मडगावजवळच्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. हे प्रील्यूड शोपँच्या अंत्यविधीत ऑर्गनवर वाजवले गेले होते, असे ऐकतो. ते खरे आहे का? त्याने ते मृत्यूला उद्देशूनच लिहिले होते का? आणि ऑर्गनवर वाजवताना काय सांभाळावे?

उत्तर : पहिली गोष्ट खरी आहे. शोपँचे निधन १७ ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसमध्ये झाले आणि ३० ऑक्टोबरला तिथल्या मादलेन चर्चमध्ये अंत्यविधी झाला. मोत्सार्टचे रिक्विएम (मृतांसाठीच्या प्रार्थनेचे संगीत) गायले गेले आणि लुई लेफेब्यूर-वेली या ऑर्गनवादकाने शोपँची दोन प्रील्यूड वाजवली : हे ई मायनरमधले चौथे आणि बी मायनरमधले सहावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी नकारार्थी देईन. हे प्रील्यूड १८३८ च्या अखेरीस माजोर्का बेटावर तयार झाले. जॉर्ज सांड ही लेखिका आणि तिची दोन मुले यांच्यासह शोपँ त्या नोव्हेंबरमध्ये पाल्मा शहरी उतरला होता आणि डिसेंबरच्या मध्यास ही मंडळी वाल्देमोसा गावातल्या रिकाम्या मठात राहायला गेली. तिथला हिवाळा पावसाळी होता, शोपँची प्रकृती ढासळली होती आणि पॅरिसहून मागवलेला प्लेएल पियानो जकातीच्या अडचणींमुळे जानेवारी उजाडेपर्यंत त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. त्याच महिन्यात त्याने पूर्ण झालेला संग्रह पॅरिसला पाठवला आणि १८३९ मध्ये तो छापला गेला. संग्रह पाठवला तेव्हा शोपँ २८ वर्षांचा होता. आजारी माणसाने लिहिले एवढ्यावरून मृत्यूविषयी लिहिले असे ठरत नाही, आणि त्याच हिवाळ्यात हातावेगळ्या केलेल्या या संग्रहात आनंदाने उसळणारी प्रील्यूडही आहेत.

शोपँने प्रील्यूडना शीर्षके दिली नाहीत. लंडनच्या वेसेल या प्रकाशकाने त्याच्या रचनांना परस्पर सजवलेली नावे दिली तेव्हा तो फार चिडला होता. जॉर्ज सांडने आपल्या आत्मकथनात लिहिले आहे की, वाल्देमोसात लिहिलेल्या एका प्रील्यूडमध्ये पावसाचे थेंब ऐकू येतात असे तिने म्हणताच त्याने त्या अनुकरणाच्या कल्पनेला जोराने विरोध केला. त्याच्या पश्चात मात्र नावे येत राहिली. हान्स फोन ब्यूलोव या जर्मन पियानोवादकाने या चौथ्या प्रील्यूडला ‘घुसमट’ अशा अर्थाचे नाव दिले आणि आल्फ्रेद कोर्तो या फ्रेंच पियानोवादकाने ‘एका कबरीपाशी’ अशा अर्थाचे. ब्यूलोवचे नाव मला निदान संगीताच्या जवळचे वाटते, कारण सुरावटीला चार चार बार दोनच सुरांत अडकवून ठेवणे आणि खालची जमीन खचत नेणे यातून श्वास कोंडल्याचा अनुभव खरोखर येतो. पण कबर दिसली की वादक पहिल्या सुरापासूनच शोक करू लागतो. पानावर सुरुवातीला केवळ ‘पियानो’ आणि ‘एस्प्रेसिव्हो’, म्हणजे हळू आवाज आणि भावपूर्ण, एवढेच आहे. दुःख तिथे सांगितलेले नाही. सतराव्या बारात ते उफाळते आणि चार बारांत शक्ती संपून जाते. एकविसाव्या बारात सुरावट प्रथमच षड्जावर टेकते, आणि नेमके तेव्हाच डाव्या हाताने तळाशी षड्जाऐवजी कोमल धैवत धरलेला असतो. ज्या विसाव्यासाठी वीस बार वाट पाहिली तो मिळाला आणि मिळालाही नाही. हा क्षण ज्याने ऐकला त्याला शीर्षकाची गरज भासू नये.

ऑर्गनविषयी : आपल्यापुढची अडचण पियानोवादकाच्या उलट आहे. ऑर्गनचा सूर बोट उचलेपर्यंत त्याच जोराने राहतो, त्यामुळे उजव्या हाताचा बी सहज धरता येईल, पण डाव्या हाताच्या आठ आठ सारख्या कॉर्ड यंत्रवत वाजू लागतील. त्या जवळजवळ जोडून घ्याव्यात, दोन कॉर्डमध्ये कमीत कमी फट ठेवावी, आणि डाव्या हातासाठी वेगळा, मऊ स्टॉप (नादाचा प्रकार ठरवणारा खटका) निवडावा. लय पियानोपेक्षा थोडी संथ ठेवली तरी इथे सुरावट तुटणार नाही.

प्रश्न : तेविसाव्या बारात सगळे थांबते आणि मग तीन कॉर्ड येतात. त्या थांब्याला किती वेळ द्यावा?

उत्तर : थांब्याआधीची कॉर्ड नीट ऐकली की उत्तर बरेचसे तिथेच मिळते. तिच्या तळाशी बी फ्लॅट आहे, त्यावर सी, ई आणि जी. ही कॉर्ड एकटी ऐकली तर कान पुढे एफ मेजरची अपेक्षा करतो, म्हणजे ई मायनरपासून पार वेगळ्या दिशेची. शोपँ तिच्यानंतर शांततेवर विरामखूण लिहितो आणि मग तळाचा सूर अर्ध्या सुराने वर, बीवर नेतो. साऱ्या रचनेत जे अर्ध्या सुराने खाली जात राहिले ते इथे वर आले. नंतरच्या कॉर्ड अगदी हळू आवाजात, आणि अखेरच्या बारात प्रथमच षड्ज तळाशी असलेली पक्की ई मायनर. तेव्हा विराम इतकाच असावा की ती परकी कॉर्ड ऐकणाऱ्याच्या कानात अजून शिल्लक असेल. ती विसरली गेली तर पुढचा सूर कशातून सुटला हे कळणार नाही. बऱ्याच वादकांचा विराम मला गरजेपेक्षा लांब वाटतो.

प्रश्न : हे प्रील्यूड बसले. याच संग्रहातील पुढचे कोणते घ्यावे?

उत्तर : सहावे, बी मायनरमधले. त्यात सुरावट डाव्या हाताकडे आहे आणि एकसारख्या कॉर्ड उजव्या हाताकडे, त्यामुळे चौथ्यात एका हाताने जे शिकले ते आता दुसऱ्याला शिकावे लागते. त्यानंतर सातवे, ए मेजरमधले, सोळाच बारांचे. विसावे कॉर्ड मोठ्या असल्याने हाताचा पंजा थोडा पसरू लागल्यावर घ्यावे.